बाविसावा रोजा

यंदा रमजान पुन्हा आंब्यात आला. आमचं वर्ष चंद्रावर चालतं, त्यामुळे ते दहा-अकरा दिवसांनी तोकडं असतं आणि रमजान दर वर्षी तेवढा मागे सरकतो. आंब्यातून शिमग्यात, शिमग्यातून थंडीत, मग दिवाळीत, गणपतीत, लावणीच्या चिखलात. असा सगळ्या ऋतूंकडे पाहुणचार घेत तेहेतीस वर्षांनी तो निघाला तिथे परत येतो. म्हणजे ऐन आंब्यातला रमजान माणसाच्या वाट्याला फार तर दोनदा येणार. तिसऱ्यांदा आलाच तर अल्लाचा शुक्र मानावा. माझा पहिला शहाऐंशी साली आला आणि हा दुसरा.

माळ्यावर आढी घातली आहे. पेंढ्यात पिकत पडलेल्या आंब्याचा वास दुपारी तीनच्या सुमारास घरभर फिरतो आणि नेमका तेव्हाच पोटातला अग्नी जागा होतो. रोजा सोडायची वेळ आता माझी सून मोबाईलवर बघते. "अम्मी, अजून चार मिनिटं," असं ती सांगते. मी मान डोलावते आणि तरीही मागच्या दाराने बाहेर जाऊन पश्चिमेकडे बघून येते. तिला वाटतं, ही सासूची जुनी खोड. खोडच आहे, पण ती लागली कशी, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

माझं माहेर खेडचं. जगबुडीच्या काठी घर, चारी बाजूंना डोंगर. तिथे सूर्य लवकर डोंगराआड जातो आणि मग उजेड कितीतरी वेळ रेंगाळतो, म्हणून रोजा सोडायला सूर्याकडे कुणी बघतच नाही. मशिदीची बांग झाली की सोडायचा. मला मावळता सूर्य कसा असतो ते लग्न होईपर्यंत धड ठाऊक नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. सासर पावसच्या पुढे, समुद्राच्या अंगाला. इथे सूर्य सगळ्यांच्या देखत पाण्यात बुडतो.

पहिला रोजा मी नऊ वर्षांची असताना खेडला धरला होता. दुपारी ठिकरीचा डाव संपवून आले आणि माठातलं पाणी गटागटा प्यायले. तांब्या खाली ठेवला तेव्हा आठवलं. मग जी रडत सुटले, ती अब्बा दुकानातून येईपर्यंत. अब्बांनी एवढंच विचारलं, "विसरून प्यायलीस ना? मग ते अल्लानं पाजलं. रोजा तुटला नाही, चालू ठेव." मला ते इतकं आवडलं की पुढचे चार दिवस मी पुन्हा विसरायचा प्रयत्न केला. पण ठरवून विसरता येत नाही. आणि आमच्यात सगळा हिशेब नियतीवर, म्हणजे मनातल्या इराद्यावर. रात्रीच नियत करायची की उद्याचा रोजा मी अल्लासाठी ठेवते आहे. ती नसेल तर दिवसभराचं ते नुसतं उपाशी राहणं.

लहानपणी मला पाच गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या. कलमा, नमाज, रोजा, जकात, हज. एकेक बोट दुमडत म्हणायच्या. अंगठा कलम्याचा. कलमा म्हणजे गवाही: अल्लाशिवाय पूजेला लायक कुणी नाही आणि मुहम्मद त्याचे रसूल, म्हणजे प्रेषित, आहेत, ही साक्ष. मला तेव्हा वाटायचं, रोज्याला भूक लागते, हजला खर्च येतो, त्या मानाने साक्ष देणं किती सोपं. तोंडानं तर म्हणायचं. पुढे कळलं की अंगठा सगळ्यात जाड उगाच नसतो.

तर शहाऐंशी साल. लग्नाला सहा महिने झालेले. नवरा कुवेतला. सासरे, म्हणजे बाबा, आणि सासू, म्हणजे अम्मा, यांच्याबरोबर मी. आमची बाग सड्याच्या पोटात, एका खोलगटात. वर सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, खाली आंब्याची कलमं. पन्नासेक पावलं चढून सड्याच्या कडेला गेलं की समोर समुद्र, पण बागेतून तो दिसत नाही. आंबा उतरवायला गडी असत आणि त्यांचे मुकादम कासमचाचा.

कासमचाचा सत्तरीचे. नातं काही नाही, पण बाबाही त्यांच्यासमोर विडी विझवत. झेला, म्हणजे टोकाला पातं आणि जाळी लावलेली ती लांब काठी, त्यांच्या हातात आली की आंबा देठासकट अलगद जाळीत. एकाही फळाला चीक लागत नसे. फळ तयार आहे का हे ते देठाशी नाक नेऊन सांगत, आणि उभ्या रमजानात, टळटळीत उन्हात दिवसाला शेकड्यांनी आंबे हुंगून एकदाही जीभ ओठांवर फिरवत नसत. त्यांना साखरेचा आजार होता. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी रोजे धरायचे नाहीत म्हणून बजावलं होतं. आदल्या वर्षी ते रमजानभर अंथरुणाला होते आणि सगळे तीस रोजे गेले. आजाऱ्याला सूट आहे. बरा झाल्यावर त्याने ते भरून द्यावेत, आणि बरा होण्यासारखा नसेलच तर रोज एका गरिबाला जेवू घालावं, त्याला फिद्या म्हणतात. अम्मांनी हे त्यांना समजावून पाहिलं. ते म्हणाले, "फिद्या आंगात त्रान नाय त्यानं द्यायचा. मी अजून झाडावर चढतंय."

त्या रमजानात ते एकेक रोजा मोजत होते. सकाळी बागेत आले की सलामानंतर पहिलं वाक्य, "आज सोळावा," "आज सतरावा." गड्यांमध्ये गोपाळ नावाचा एक कुणबी होता, वरच्या वाडीचा. तो दिवसभर आमच्यासमोर पाणी प्यायचं टाळून आडोशाला जाऊन पीत असे आणि संध्याकाळी खजुरासाठी सगळ्यांच्या आधी येऊन बसे. "मी रोज तुमच्यासंगती सोडतंय," तो म्हणायचा, "धरीत मात्र नाय." यावर कासमचाचा रोज हसायचे.

बाविसाव्या रोज्याला आंबा संपत आला होता. पश्चिमेला ढग जमू लागलेले, शेवटचा माल पावसाआधी उतरवायचा म्हणून सगळेच बागेत, अम्मा आणि मी पेट्या भरायला. दुपारी वारं सुटलं आणि लाइट गेली. लाइट गेली की मशिदीचा भोंगा बंद, आणि भोंगा बंद की बागेत बांग ऐकू येत नाही. अशा दिवशी एकाने सड्याच्या कडेवर जायचं, सूर्य बुडाला की वरून "सोडा!" म्हणून हाक द्यायची, अशी रीत होती. एरवी कासमचाचा स्वतः जात. त्या दिवशी ते खूपच थकले होते. अम्मा म्हणाल्या, "हिला धाडू. हिला आज घाई नाय."

यातली मेख बायकांना कळते. बाईला महिन्याच्या त्या दिवसांत नमाज नाही, रोजाही नाही. नमाज माफ, रोजे मात्र नंतर भरून द्यायचे. हे कुणी बोलून दाखवत नाही. घरात त्या बाईच्या वाट्याला न विचारता इकडची तिकडची कामं येतात आणि पुरुष शहाणे असतील तर का म्हणून विचारत नाहीत. म्हणजे त्या दिवशी बागेत सात जणांचा रोजा होता: बाबा, अम्मा, कासमचाचा आणि झेल्यावरचे चौघे. माझा नव्हता. नवऱ्याने पाठवलेलं घड्याळ पेंढ्यात ओरखडे पडतील म्हणून मी घरीच काढून ठेवलं होतं.

वर गेले. समुद्र शिसवी झाला होता. क्षितिजाच्या जरा वर ढगांची लांबच लांब काळी भिंत होती आणि सूर्य तिच्यामागे उतरत होता. त्याची वरची कड दिसेनाशी झाली. उजेड एकदम उतरला. मी मनात दहा आकडे मोजले, मागे वळले आणि ओढणी हलवून जोरात ओरडले, "सोडा!"

खालून कासमचाचांचा "बिस्मिल्ला" ऐकू आला. भांड्यांचा आवाज आला. मी दोन क्षण वारा खात उभी राहिले आणि पुन्हा समुद्राकडे पाहिलं. काळी भिंत आणि पाणी यांच्यामध्ये एक फट होती. त्या फटीत सूर्य खाली आला. आख्खा, लाल, जेवणाच्या ताटाएवढा.

तो पाण्याला टेकला, अर्धा झाला, मग नखाएवढा उरला आणि बुडाला. सात-आठ मिनिटं गेली असतील. तेवढ्या वेळात मला धावत खाली जाऊन सांगता आलं असतं, थांबा, तोंडातलं थुंका. मी गेले नाही. का गेले नाही याचं खरं उत्तर, घाबरले. सहा महिन्यांची सून, शिकलेली म्हणून कौतुक झालेली, आणि एक सूर्य धड बघता आला नाही.

खाली आले तेव्हा सगळ्यांचं खाऊन झालं होतं आणि पुरुष नमाजला उभे राहत होते. नमाज तेवढी वाचली, तोवर सूर्य खरोखरच गेला होता. नमाजनंतर कासमचाचांनी माझ्याकडे बघून पेला उंचावला. "आज पानी ग्वाड लागला, सूनबाय. आठ ऱ्हायले." मी हसले.

दोन दिवसांनी भाकऱ्या थापताना मी अम्मांना विचारलं, खेडला एकदा असं झालं होतं म्हणून. ढगामुळे चुकून लवकर सोडला आणि नंतर सूर्य दिसला, तर काय? अम्मांनी तव्यावरची भाकरी उलटली. "गुना नाय. पन रोजा परत धरायचा. कजा."

"विसरून प्यायलं तर तुटत नाही, आणि चुकून सोडला तर तुटतो?"

"इसरलेल्याला म्हायतच नसता. चुकलेल्यानं बगायला पायजे होता."

"आणि ज्यांना ते कधी कळलंच नाही?"

"ज्याना म्हायत नाय ते सुटले," अम्मा म्हणाल्या. "ज्याला म्हायत हाय, त्याच्या मानेवर."

मी पुढची भाकरी थापायला घेतली.

मग मी माझ्याशी वाद घालू लागले आणि वाद मीच जिंकत होते. सात जणांनी साफ मनाने रोजा सोडला होता. अल्लाला इरादा दिसतो. मी गप्प राहिले तर त्यांच्यावर काहीच उरत नाही, आणि बोलले तर एका आजारी म्हाताऱ्याला आणखी एक दिवस तहानलेलं राहावं लागेल. ते त्याला झेपलं नाही तर? म्हणजे गप्प राहणं हीच दया. हे सगळं मला पटत होतं, फक्त बांग झाली की पटेनासं होई. बांगेत मुअज्जिन चार वेळा म्हणतो, मी साक्ष देतो. दिवसातून पाच बांगा. माझे रोजे पुन्हा सुरू झाले होते आणि मशिदीचा भोंगा त्या आठवड्यात नेमका एकदाही बंद पडला नाही.

एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी चांद बघायला आम्ही सगळे सड्यावर गेलो. फितऱ्याचे तांदूळ दुपारीच मापून ठेवले होते, घरात जेवढी डोकी तेवढी मापं, ईदच्या नमाजच्या आत गरिबाघरी पोचवायची. शीरखुर्म्याचा सुका मेवा भिजत घालावा की नाही एवढाच प्रश्न होता. चांद दिसला तर उद्या ईद, नाहीतर तिसावा रोजा. पश्चिमेला ढगच ढग. मधे एक फट होती, तिच्याकडे सगळ्यांचे डोळे. एका गड्याला काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. दुसऱ्याला वाटलं नाही. कासमचाचा माझ्याकडे वळले.

"सूनबाय, तुजी नजर कोवळी. तू बग. तू बोललीस तर आमी मानू."

"माझ्या नजरेवर जाऊ नका, चाचा," मी म्हणाले. आणि मग ते थांबेना. बाविसावा रोजा, ढगांची भिंत, फट, सूर्य, सगळं. माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्याचा वाटत होता.

गोपाळ हळूच म्हणाला, "म्हंजे माजा पन गेला का?" त्यावर कुणी हसलं नाही.

"सूर्य किती येळ होता?" कासमचाचांनी विचारलं.

"सात-आठ मिनिटं."

"आनि आज सात दीस झाले. का बोलली नाय?"

"तुमची तब्येत..."

ते कधी चिडलेले मी पाहिले नव्हते. "माजी तब्येत डाक्तर बगल," ते म्हणाले. "रोजा माजा हाय. तो ऱ्हायला का गेला, ता मला कळाया पायजे. तू कोन लपवनारी? मी काय प्वार हाय?"

त्यांना तहानेतून वाचवते आहे असं मला वाटत होतं, आणि मी त्यांच्याच मालकीची गोष्ट दडवून बसले होते. दया म्हणून मी जिला गोंजारत होते, तिच्यात निम्मी भीती होती. कासमचाचांनी बोटांवर सात नावं मोजली आणि काठी टेकत ते सडा उतरून गेले. चांद काही दिसला नाही. तिसावा रोजा झाला.

ईदला ते आले, बाबांना तीनदा गळामिठी दिली, शीरखुर्मा खाल्ला. मला सलाम केला, त्यापुढे शब्द नाही. त्याच दुपारी पाऊस लागला. अम्मा एकदाच म्हणाल्या, "बोललीस ता बरा केलास," आणि मग नेहमीपेक्षा जास्त भांडी माझ्यापुढे सारली.

कजा रोजा सवडीने कधीही भरता येतो. कासमचाचांनी निरोप पाठवला, सगळ्यांनी एकाच दिवशी धरायचा. जुलैमध्ये कलमांना खत घालायचं काम निघालं, तो गुरुवार ठरला. मलाही माझे सुटलेले भरायचेच होते, त्यातला एक मी त्या दिवशी धरला. आठ जण झालो. गोपाळ कुदळ घेऊन आला आणि सकाळीच म्हणाला, "आज मी धरलाय. धा वाजेपत्तुर."

चिखलात खड्डे काढायचे, शेणखत वाहायचं, आणि वरून पावसाची झड. उन्हाळ्यातल्यासारखी तहान नव्हती. तरीही दुपारनंतर कासमचाचांचे हात थरथरायला लागले. चेहरा पांढरा पडला. बाबांनी त्यांना बागेतल्या खोपीत नेऊन बाजेवर निजवलं. अम्मा पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी बसल्या. "भाईजान, सोडा. तुमाला सूट हाय. अल्ला बगतोय." ते डोळे मिटून पडले होते. "चक्कर आली का सोडीन," ते म्हणाले. "अजून आली नाय."

तो तास मला रमजानच्या तीस दिवसांपेक्षा मोठा वाटला. माझ्यामुळे हा माणूस बाजेवर पडलाय, हे मला त्याच्या पायांच्या नखांकडे बघतानासुद्धा सहन होत नव्हतं. त्यांना काही झालं असतं तर मी काय केलं असतं, ते मला आजही ठाऊक नाही. पाच वाजून गेले, सहा वाजून गेले. पाऊस थांबला आणि ते उठून भिंतीला टेकून बसले.

लाइट होती का, आठवत नाही. पावसाळी वाऱ्यात भोंग्याची बांग तशीही बागेत पोचत नसे. पुढे पेला, खजूर, अम्मांनी घरून करून आणलेली घावनं. कुणीतरी वर जायला हवं होतं. बाबा उठू लागले तसे कासमचाचा म्हणाले, "तुमी बसा." आणि माझ्याकडे न बघता, "तिला धाडा."

ईदनंतर त्यांच्या तोंडून माझ्यासाठी निघालेले ते पहिले शब्द.

मी वर गेले. या खेपेला मनगटावर घड्याळ होतं आणि ओच्यात मशिदीचं वेळापत्रक, पावसाने मऊ पडलेलं. समोर सूर्य नव्हता, क्षितिज नव्हतं, समुद्र आणि आभाळ एकाच राखाडी कापडाचे. कार्डावरची वेळ झाली. मी थांबले. आणखी एक मिनिट गेलं. घड्याळ पुढे असेल तर? आणखी एक. कुठेतरी फट असेल आणि तिच्यातून तो पुन्हा निघाला तर? तिसरं मिनिट सरलं. मला हाक मारवेना.

खालून कासमचाचांचा आवाज आला, थकलेला, पण चांगलाच खणखणीत. "सूनबाय! येळ झाल्यावर रोखून धरना, ता पन बरा नाय!"

खरं होतं. वेळ होताच रोजा सोडावा, उगाच लांबवू नये, हे अब्बांनीही शिकवलं होतं. मी पश्चिमेकडे एकदा नीट, शेवटचं पाहिलं. दिसण्यासारखं काहीच नव्हतं. मागे वळले आणि ओरडले, "सोडा!"

खोपीच्या दारातून मला ते दिसत होते. बाकीच्या सहा जणांनी नकळत आधी वर, सड्याकडे पाहिलं. कासमचाचांनी पाहिलं नाही. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि खजूर सरळ तोंडात टाकला.